ॲसिडच्या टाकीवरचा दिवा

जरा वर बघा. ॲसिडच्या टाकीवर टांगलेला दिवा मी, मीच बोलतोय. खाली गंज काढायला लोखंडी पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवतात आणि त्याची वाफ दिवसभर माझ्या अंगावर येते.

माझी निवड काही सहजासहजी झाली नाही. कारखान्याच्या साहेबांनी तीन दिवे महिनाभर या वाफेत टांगून ठेवले होते. रंगवलेल्या पत्र्याच्या दिव्याला फोड आले. ॲल्युमिनियमवाल्याच्या अंगावर पांढरी भुकटी धरली. मी फायबरचा, मला काही म्हणजे काही झालं नाही. तेव्हापासून थोडा शिष्टपणा अंगात आला होता, कबूल करतो.

मला बसवलं वायरमनने. माझ्यासोबत पाकिटात चार स्टेनलेसचे बोल्ट आले होते. त्याने ते निरखले, "झकास आहेत, कुठे चांगल्या कामाला येतील," म्हणून ड्रॉवरमध्ये टाकले आणि मला साध्या लोखंडी बोल्टांवर टांगलं. चांगली वस्तू जपून ठेवायची आणि कामचलाऊवर भागवायचं, ही माणसांची जुनी खोड.

वर्षभरात त्या वाफेने बोल्ट पोखरले. मला कळत होतं, पण सांगणार कोणाला? माझ्या खालीच वायरमनची थोरली बहीण पट्ट्या बुडवत उभी असायची. मी पडलो तर थेट टाकीत, आणि ॲसिड उडणार तिच्या तोंडावर. भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी तिच्या हातमोज्यावर तांबूस थेंब पडला.

"अरे, हा दिवा गंजलाय बघ."

"ताई, फायबर कधी गंजतं का? काहीतरीच तुझं."

"मग हे काय माझ्या डोक्यातून गळतंय? चढ आधी."

वीज बंद करून तो कुरकुरत शिडीवर चढला. पहिल्या बोल्टला पाना लावताच त्याचा भुगा झाला. लगेच दुसरा तुटला. मी कलंडलो. त्याने मला छातीशी घट्ट धरलं.

"ताई, मागे हो. लांब जा आधी."

ती भिंतीशी पोहोचली आणि उरलेले दोन्ही बोल्ट एकदमच गेले. माझा सगळा भार त्याच्या हातांवर आला. पण त्याने मला सोडलं नाही.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं, ताई." मग ड्रॉवर उघडून त्याने ते चार बोल्ट काढले.

आता मी स्टेनलेसच्या बोल्टांवर आहे. बाबांनो, दिवा पारखून घ्याल तेव्हा त्याला धरून ठेवणारेही पारखून घ्या. ताई अजून इथेच काम करते. फक्त उभी राहण्याआधी ती रोज एकदा वर बघते, आणि शरमेने मला तिच्याकडे बघवत नाही.