सात लाडवांचा डबा

बाळांनो, जरा असं समजा, की इंग्लंडात यॉर्क नावाचं एक फार जुनं शहर आहे आणि त्याच्याभोवतीची दगडी भिंत रोज सकाळी एक पाऊल आत सरकते. तिथे कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. लोक उठतात, चहा पितात, खुर्ची थोडी मागे ओढून घेतात. जागा कमी झाली की माणसंही तेवढी लहान होतात. समजलं? मग आता मिहिकाच्या मागोमाग चला.

मिहिका मिरजेची, नऊ वर्षांची. तिची जिवलग मैत्रीण सुमेधा दोन वर्षांपूर्वी यॉर्कला राहायला गेली होती. मिहिका लंडनला मामाकडे आली, तेव्हा तिने सुमेधाला भेटायचा हट्टच धरला. मामाने तिला यॉर्कला आणून सुमेधाच्या घराच्या जिन्याशी सोडलं. "चारला येतो. तयार राहा, गाडी चुकायला नको."

मिहिकाच्या हातात स्टीलचा डबा होता. झाकणावर आईचं नाव कोरलेलं, आत बेसनाचे सात लाडू.

दार सुमेधाच्या आईने, शालनकाकूने उघडलं. ती मिहिकाच्या खांद्याला लागत होती. सुमेधा खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या पेल्याला टेकून बसली होती. पेल्याएवढीच, अर्धी वीत.

"सुमे, केवढीशी झालीस गं."

"तूच ताडमाड झालीस," सुमेधा म्हणाली. "नाक तेवढं पुसायला शिकलीस."

दोघी हसल्या. मिरजेच्या शाळेत त्या मधल्या सुट्टीत एकच लाडू दोघींत खायच्या. उष्टा होऊ नये म्हणून त्यावर फ्रॉकचा घेर धरायचा आणि चिमणीच्या दातांनी तोडायचा. अर्धा तुला, अर्धा मला. मिहिकाने सवयीने घेर उचलला.

"अख्खा दे," सुमेधा म्हणाली. "इथे अर्ध्याने काही होत नाही."

तिने अख्खा लाडू खाल्ला आणि ती एक वीत वाढली. त्याच वेळी मिहिकाच्या कमरेशी असलेला कट्टा तिच्या छातीशी आला.

"काकू, मी खाली गेले."

"जाणारच," काकू शांतपणे म्हणाली. "दोघी मुलींना मिळून एवढीच जागा. एक वाढली की दुसरी तेवढी घटते."

"आणि मी खाल्ला तर?"

"तर तू वाढशील. पण आपण नेलेलं आपणच खाऊ नये, आईने शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. मिहिकाने दुसरा लाडू सुमेधाला दिला, कारण तिला कट्ट्यावरून खाली उतरता येत नव्हतं. तिसराही दिला. मग दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. काकूने डोक्यांवर हात ठेवून पाहिलं. अगदी सारख्या.

"आता बस," मिहिका म्हणाली. "झाल्या ना दोघी सारख्या?"

"सारख्या होऊन काय करू? मामा एकीलाच न्यायला येणार."

"मी त्याला सांगेन, हिलाही घेऊ या म्हणून."

"भिंतीच्या वेशीवर मोजतात," सुमेधा म्हणाली. "एक आत आली तर एकच बाहेर. माझी मैत्रीण आहेस ना तू?"

चौथा लाडू मिहिकाने दिला. पाचवा आणि सहावा घेताना सुमेधाने विचारलं नाही.

मिहिकाचा फ्रॉक तिच्याबरोबर लहान झाला. आल्या आल्या तिने खुंटीवर टांगलेला लाल कोट मात्र होता तेवढाच राहिला. सुमेधाने तो घातला. बाह्या मनगटापर्यंत बरोबर आल्या.

"मिहिका, आटप गं," खालून मामाची हाक आली.

"आले मामा," सुमेधा म्हणाली.

"लवकर ये," मामा म्हणाला.

सुमेधाने डबा उचलला, तेव्हा काकूने तिचा हात धरला. "थांब. लोकांचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. इथे आलो म्हणून रीत सोडायची नाही."

"एक लाडू आहे की."

"तो त्यांचाच. आपलं काहीतरी हवं." काकूने फडताळ उघडलं. ते रिकामं होतं. मग तिने जमिनीवर पाहिलं. "ही आता आपलीच," असं म्हणून तिने मिहिकाला दोन बोटांत उचललं आणि लाडवाशेजारी ठेवलं.

लाडू मिहिकाच्या कमरेएवढा होता.

"सुमे," ती आतून म्हणाली, "अर्धा तुला ठेवू?"

वर सुमेधाचा चेहरा होता.

"ठेव," ती म्हणाली आणि तिने झाकण दाबून बसवलं. काकूने त्यावर रबर चढवलं.

डबा जिन्याकडे निघाला. अंधारात मिहिकाने फ्रॉकचा इवलासा घेर लाडवावर पसरला आणि चिमणीच्या दातांनी तोडत तोडत अर्धा लाडू खाल्ला. बाहेर कुणाचा तरी पाय लांब पडू लागलेल्या कोटात अडकला. मिहिकाचे गुडघे स्टीलला टेकले, मग पाठ झाकणाला, आणि आईच्या नावाची उलटी अक्षरं तिच्या पाठीत रुतायला लागली. तिने उरलेल्या अर्ध्या लाडवावरचा घेर नीट केला आणि पुन्हा तोंड उघडलं.