सांध्याजवळची चीर

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याला ते आवडत असे, आणि आवडतं हे तो लपवतही नसे. सोळा वर्षं तो एका स्टुलावर बसून समोरून सरकणाऱ्या रिकाम्या बाटल्या पाहत आला होता. मागे पांढऱ्या उजेडाची पाटी, पुढे बाटल्यांची रांग. बुडबुडा, चीर, वाकडा गळा, पातळ तळ, जी खोट दिसेल ती बाटली उचलायची आणि बाजूच्या पिंपात टाकायची. एवढंच काम. पण एवढंच काम आठ तास करून बघा, म्हणजे कळेल. नवे लोक महिनाभरात डोळे चोळत दुसऱ्या खात्यात बदली मागायचे.

त्याच स्टुलावर दुपारी दोन ते रात्री दहा त्याची बायको बसे. काम तिला त्यानेच शिकवलं होतं, आणि हे तो दर चार दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवत असे. सकाळी सहा ते दोन तो, पुढे ती. ती घरी पोहोचायची तेव्हा तो झोपलेला असायचा, तो निघायचा तेव्हा ती. जागेपणी नवराबायकोची भेट व्हायची ती दुपारी दोनला, स्टुलापाशी, जेमतेम पाच मिनिटं. असा संसार अकरा वर्षं चालला होता आणि बरा चालला होता.

त्यात बसची एक गंमत होती. बस सकाळी सातला सुरू व्हायची आणि रात्री नऊला बंद. पाचला निघणाऱ्या नवऱ्याला बस नाही आणि दहाला सुटणाऱ्या बायकोलाही नाही. यावर त्यांनी तोडगा काढला होता तो घडीच्या सायकलीचा. पहाटे तो सायकलवर यायचा, सायकल मिटून स्टुलामागे ठेवायचा आणि दुपारी बसने घरी जायचा. ती बसने यायची आणि रात्री तीच सायकल उघडून घरी न्यायची. माणसं दोन, सायकल एक, आणि दोघांचं भागत होतं.

दुकानातली सगळ्यात स्वस्त घडीची सायकल होती ती. चांगल्या सायकली आत भिंतीवर टांगलेल्या होत्या, ही दाराशी उभी होती. चाकं ताटाएवढी, मधोमध दांड्याला सांधा, सांध्याला एक कडी. कडी उघडली की सायकल पुस्तकासारखी मिटायची. पहिल्या दिवशी कारखान्यात सगळे हसले, "भिंगा, सर्कस कुठं उतरलीय?" असं विचारून झालं. पण तीन वर्षं त्या सायकलीने कधी कुरकुर केली नव्हती.

कारखान्यात काम सोपवायची एक रीत होती. स्टूल सोडणाऱ्याने येणाऱ्याला सगळं सांगायचं, कुठला साचा चिरतोय, कुठल्या बाटलीचा गळा बिघडतोय. येणाऱ्याने ऐकून घ्यायचं आणि शेवटी विचारायचं, "आणखी काही?" समोरच्याने "काही नाही" म्हटल्यावरच बसायचं. लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण मुकादमाने याबाबतीत बापाचंही ऐकलं नसतं.

आणि एक दिवस गिऱ्हाइकाकडून बाटल्यांचा अख्खा गठ्ठा परत आला. तळाला चिरा. मुकादमाने दोघांना दुपारी दोनलाच समोर उभं केलं आणि विचारलं, हा माल कुणाच्या वेळेचा? "माझ्या वेळेचा नाही," तो ठासून म्हणाला. बायकोने गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली आणि सहा जणांच्या देखत म्हणाली, "याच्याच वेळेचा आहे. जवळचं कमी दिसतंय याला आताशा. चष्मा लागलाय, पण घालेल तर शपथ."

सगळे खो खो हसले. मुकादम म्हणाला, "काय भिंगा, काच बदलायला झाली वाटतं!"

तोही हसला. हसला नसता तर आणखी हसले असते. पण आतून त्याची लाही लाही झाली. ती सुट्टीच्या दिवशी समोर सापडली तेव्हा म्हणाला, "चारचौघांत माझं नाक कापलंस."

"खरं होतं ते बोलले," ती म्हणाली. "त्यातली एक बाटली कुणाच्या ओठाला लागली असती, म्हणजे?"

तिचं बरोबर होतं. ते त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. त्या दिवसापासून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. तिने एकदा "चुकलं" म्हणावं, एवढीच त्याची अट होती. ती अट त्याने तिला सांगितलीही नव्हती, तिची तिला कळायला हवी होती म्हणे. पुरुषमाणूस रुसला की असाच रुसतो, समोरच्याला परीक्षेला बसवतो आणि प्रश्नपत्रिका खिशात ठेवतो.

बोलणं उरलं ते स्टुलापाशी, रीतीपुरतं.

"सात नंबरचा साचा गळ्याशी चिरतोय."

"बरं. आणखी काही?"

"काही नाही."

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी कारखान्यात सायकल मिटताना त्याचं नख सांध्याजवळ अडकलं. दांडा जिथे सांध्याला जोडलेला होता तिथे, खालच्या अंगाला. त्याने वाकून पाहिलं तर काही दिसेना. सायकल हातभर लांब धरली तेव्हा दिसली, केसासारखी बारीक चीर, नखाएवढी लांब. लांब धरावी लागली याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

चीर म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. चीर थांबत नाही. बाटलीची असो की लोखंडाची, ती रोज थोडी पुढे जाते आणि एक दिवस जायला जागा उरत नाही. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. काल रात्री या सायकलवर बायको बसली होती, परवाही बसली होती, रोज हाताने उघडत-मिटत होती, आणि तिला दिसलं नव्हतं! चष्मा कुणाला लागलाय मग?

त्याने मनात हिशेब मांडला. सायकल आठवडाभर तरी काढील. दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे. मग सगळ्यांच्या देखत, मुकादमाच्या समोर सायकल उचलून दाखवायची आणि म्हणायचं, बघा, रोज हिच्यावर बसते, दिसली का हिला? वाक्यसुद्धा त्याने घोकून ठेवलं. दोन वाजता ती आली. त्याने साचे सांगितले. तिने विचारलं, "आणखी काही?" तो "काही नाही" म्हणाला आणि बस पकडायला गेला. बसमध्ये त्याला छान डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तो जपून चालवत होता. खड्डा आला की उतरायचा, गतिरोधकावर उतरायचा, पाण्याच्या टाकीचा चढ तर सायकल हातात धरून चढला. त्याच उतारावरून बायको रात्री सुसाट खाली येते, हे त्याच्या मनात आलं. आलं आणि त्याने ते ढकलून दिलं. कारखान्यात पोहोचल्यावर बोटाने चाचपलं तर चीर आणखी तांदळाच्या दाण्याएवढी वाढली होती. आज सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. खरोखर ठरवलं होतं.

पण त्या दुपारी ती आली ती पदराला हात पुसत, आणि बाटल्यांकडे बघत-बघत एक कागद त्याच्या डब्याखाली सरकवला. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती तिने, शनिवारी चारची. त्याला तो कागद टोमण्यासारखा वाटला. अबोला मोडायला तिने किती आडवळणाने हात पुढे केला होता, हे कुणीही सांगितलं असतं, पण सांगणारं कुणी नव्हतं आणि त्याचं घोडं अजून त्या चष्म्यापाशीच पेंड खात होतं. त्याने कागदाची घडी करून खिशात कोंबली.

"चार नंबरला बुडबुडे येतायत," तो म्हणाला. "नऊचा तळ बघ."

"बरं." ती स्टुलावर बसताना क्षणभर त्याच्याकडे वळली. "आणखी काही?"

सायकल तिच्या पायाशीच होती, मिटलेली. एक वाक्य बोलायचं होतं. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सगळ्यांसमोर सांगू, मग कळेल हिला, असं म्हणत त्याने डबा उचलला.

"काही नाही."

पहाटे साडेचारला गजर वाजला तेव्हा दारामागे सायकल नव्हती. तिच्या चपलाही नव्हत्या. सकाळच्या पाळीमुळे तो फोन बंद करून झोपत असे. चालू केला तर चौदा वेळा फोन येऊन गेले होते, सगळे एकाच अनोळखी नंबरवरून. त्याने उलट फोन लावला तेव्हा इस्पितळातल्या नर्सने पलीकडून त्याचं तिच्याशी नातं विचारलं, मग म्हणाली, "पाण्याच्या टाकीच्या उतारावर पडल्यात. तुम्ही लगेच या."

बस सातला. तो चालत गेला, मध्ये मध्ये धावला, दम लागला की पुन्हा चालला. टाकीच्या उतारावर रस्त्यावर माती टाकलेली होती. तिथे तो थांबला नाही.

ती तोंडावर पडली होती. जबडा मोडला होता, डावा डोळा गेला होता. उजवा वाचेल, पण दोन्हींवर आठवडाभर पट्टी राहील, असं डॉक्टर म्हणाले. तो ऐकत होता. "वेळेवर कुणीतरी आणलं म्हणून जीव वाचला," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सायकल पोलिसांनी आणून टाकली होती. जिन्याखाली रखवालदाराने ती पोत्यात घालून ठेवली होती, दोन तुकडे. त्याने पोतं उघडून तुटलेली कड उजेडात धरली. तीन हिस्से काळपट, धूळ मुरलेली, आणि एक हिस्सा लख्ख चकाकणारा. काळपट ती जुनी चीर, चकाकतं ते रात्रीचं तुटणं. कारखान्यात कालच आलेल्या माणसालाही हे वाचता आलं असतं. बायकोला तर एका नजरेत कळलं असतं की ही चीर चार-पाच दिवसांची आहे, आणि पुढचं तिला कुणी सांगावं लागलं नसतं. त्याने पोत्याचं तोंड बांधलं, वर एक गाठ मारली, आणखी एक मारली.

तिसऱ्या दिवशी मुकादम येऊन गेला. बाहेरच्या बाकावर बसून म्हणाला, "स्टूल काही आता तिला झेपायचं नाही, भिंगा. खोक्यांच्या खात्यात बघतो मी कुठंतरी." जाताना त्याने पाठीवर हात ठेवला. त्या हाताने त्याला रडू फुटलं. मुकादमाला वाटलं बायकोसाठी रडतोय. खरंही होतं ते, पण सगळं खरं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा नीट बोलली. जबडा बांधलेला, शब्द दातांमधून यायचे. पायथ्याशी तिची धाकटी बहीण बसली होती.

"तू आहेस ना?" तिने विचारलं.

"आहे."

"सायकल?"

"आहे खाली. तुटली."

मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी घाईत होते रे. कडी नीट बसवली की नाही, आठवतच नाही. तेच चाललंय डोक्यात. रात्र रात्र तेच. कडी निसटली की सांधाच गेला?"

त्याने उशाजवळचा पेला उगाच मागे सरकवला.

"पट्टी निघाली की मीच बघितलं असतं," ती म्हणाली, "पण एका डोळ्याने काय कळणार. तू बघ. तुझी नजर आहे. त्या दिवशी चष्म्याचं मी सगळ्यांच्या पुढ्यात बोलायला नको होतं." दमून ती थांबली, आणि परत म्हणाली, "तू बघून सांग. तू म्हणशील ते खरं."

सांगायची वेळ हीच होती. यापुढे दुसरी येणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तिच्या कानाशी वाकून मला माहीत होतं, एवढंच म्हणायचं. त्याने तोंड उघडलं.

"बघितलं मी," तो म्हणाला. "कडीच निसटली. सांध्याला काही झालेलं नव्हतं."

तिने श्वास सोडला. "म्हणजे माझंच चुकलं." पट्टीखालून पाणी गालावर आलं. "चुकलं रे माझं."

दोन आठवडे याच शब्दासाठी तो अडून बसला होता.

"असू दे," तो म्हणाला.

"भाऊजींचं मन मोठं आहे गं ताई," पायथ्याशी बसलेली मेहुणी डोळे पुसत म्हणाली. बायकोने चाचपडत त्याचा हात शोधला आणि छातीशी धरला. त्याने तो धरू दिला.

पट्टी निघायला अजून दोन दिवस होते. इस्पितळासमोरचा भंगारवाला चारला दुकान बंद करायचा. साडेतीन झाले तसा त्याने हात हळूच सोडवून घेतला, चहा पिऊन येतो म्हणाला, आणि जिन्याखालून पोतं उचललं.