सोनी गाडीखाली आली

मांडीवरच्या रुमालाची गाठ सैल होती, म्हणून त्याचं एक टोक सशाच्या कानासारखं उभं राहिलं होतं आणि समोरची बाई ते बोटानं सारखं खाली दाबत होती. दाबलं की पुन्हा उभं, दाबलं की पुन्हा उभं... रेणुकाला कळेना, ही खरीच कासावीस झाली आहे की टोक दाबत राहायचं हेही तिला कुणी शिकवून ठेवलंय.

"आमची मांजर दिसली का गं कुठं?" बाई म्हणाली. "सकाळपासून दुधाला आली नाही."

नाटकातली बाई. दाराबाहेर चिकटवलेल्या कागदावर सगळं सरळ लिहिलेलं होतं : तुमच्या शेजारी एक बाई एकट्या राहतात, आज सकाळी तुम्ही गाडी मागे घेत असताना त्यांची मांजर चाकाखाली येऊन मेली, त्यांना अजून ठाऊक नाही, आत जा आणि सांगा. वाचून रेणुकाला आधी हसूच आलं होतं. 'नीट' परीक्षेचे मार्क होते, चांगले होते. पण ही वैद्यकीय संस्था मुलाखतीचेही गुण धरते आणि तिथं असली सोंगं आणायला लावते, हे क्लासच्या सरांनी सांगितलं होतं तरी... डॉक्टर व्हायला मांजर? तुंगार्लीतल्या या बंगल्यात, खिडकीबाहेर झाडांमधून तळं चकाकत असताना, कोपऱ्यात दोन परीक्षक मांडीवर कागद घेऊन बसलेले असताना?

पण दार ढकललं आणि छातीत काहीतरी उधळलं. भीती म्हणावी तर भीती नव्हती ती. कबड्डीत रेषा ओलांडून पलीकडे पाय टाकताना व्हायचं, तसं.

सर म्हणाले होते, आधी नजरेला नजर द्यायची, आवाज मऊ ठेवायचा आणि म्हणायचं...

"काकू, मला तुमच्या भावना समजतात."

बाईचं बोट थांबलं. "कसल्या भावना? काय झालंय?"

गेली! पहिल्याच चढाईत पकड! कोपऱ्यात पेन कागदावर घासलं. सरांचं पुढचं वाक्य काय होतं ते रेणुकाला आठवेना, आणि नवल म्हणजे ते आठवत नाही याचं तिला वाईटही वाटेना. उलट कानशिलं तापली, डोळे लख्ख झाल्यासारखे झाले, भिंतीवरची पाल, बाईच्या पायातल्या घरच्या सपाता, सगळं एकदम जवळ आलं. ती खुर्ची ओढून बसली.

"काय नाव तिचं?"

कागदावर नाव नव्हतं. बाईच्याही कागदावर नसणार, कारण तिनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि मग आतून कुठून तरी ते आलं : "सोनी."

आणि सोनी झाली. आत्तापर्यंत नुसती मांजर होती, आता सोनी होती, दुधाला न आलेली. आता हिला सांगायचं?

"दूध कोणतं आवडतं तिला, म्हशीचं का..." हे मी काय विचारतेय? मी हे कुठं ऐकलंय?... बाजीरावभाऊ. टाकव्याचं घर, दुपारची वेळ, ती आठवीत. बाजीरावभाऊ पप्पांच्याच कंपनीत, पण या वेळेला कधी यायचे नाहीत, आले ते सरळ आत येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, च्या ठेवा जरा." चहा झाला. मग यंदा इंद्रायणी भात कसा झालाय, मग धाकट्या सूरजची शाळा कशी चाललीय, मग पुन्हा भात... आणि कप अगदी रिकामा झाल्यावर, कपातच बघत : "रतनच्या हाताला जरा लागलंय." जरा! डाव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली होती. पप्पा तिकडे दवाखान्यात, आणि हा माणूस इथं भाताच्या लोंब्या मोजत बसला. भित्रा. तेव्हापासून तिनं त्यांना मनातल्या मनात एवढंच नाव ठेवलं होतं, दिवाळीला पाया पडतानासुद्धा.

आणि आता मी...

"म्हशीचं," बाई म्हणाली. "तू हे का विचारतेस?"

"काकू, सोनी सकाळी... गाडीखाली आली."

आली. लागलं. झालं. आपल्या भाषेत किती सोय आहे, कुणीच काही करत नाही, सगळं आपलं आपणच होतं. सोनी आली गाडीखाली. गाडी कुणाची, चालवत कोण होतं... वाक्याला डोकंच नाही. बाजीरावभाऊंचं वाक्य. रेणुकानं ओठ ओले केले. थांबली असती तर चाललं असतं, बातमी तर पोचलीच होती. पण ती रेषेच्या पलीकडे होती आणि श्वास अजून सुटला नव्हता.

"गाडी मी चालवत होते. माझ्याकडून मेली ती."

बाईचा चेहरा आधी तसाच राहिला. मग हळूहळू, पाणी मुरावं तसा, आत गेला. "दिसली नाही तुला?"

"नाही. मी मागं पाहिलंच नाही."

हे कुठून आलं? कागदावर नव्हतं हे. बाई रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, खरं रडतात तशी. रेणुकाला काही बोलावंसं वाटेना, हात धरावासाही वाटेना. ती फक्त तिथून हलली नाही. तिचं काळीज धडधडत होतं आणि ते दुःखानं नव्हतं. समोर एक बाई मोडून पडलीय आणि मला... मला बरं वाटतंय? नाही, बरं नव्हे. जागं वाटतंय. आजवर कधी नव्हते एवढी मी जागी आहे.

घंटा वाजली. बाईनं नाक पुसलं, बाटलीतलं पाणी प्यायली आणि अगदी वेगळ्याच, खणखणीत आवाजात परीक्षकांना म्हणाली, "पंखा वाढवा ना जरा." त्या आवाजानं रेणुका दचकली.

परीक्षकांपैकी म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "बसल्यावर नाव, दूध विचारण्यात तुम्ही वेळ लावलात. तो त्यांच्यासाठी होता की स्वतःसाठी?"

"स्वतःसाठी," रेणुका म्हणाली. मग, "बहुतेक."

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

फाटकाबाहेर पप्पा मोटरसायकलला टेकून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, डावा हात सवयीनं खिशात. "झालं का गं? काय इचारलं?"

"मांजर मारायला लावली."

"आँ?"

तिनं सगळं सांगितलं, भरभर, हातवारे करत, मधूनच हसत. पप्पा मान हलवत ऐकत होते. वेळ लावल्याचं आलं तेव्हा ती थांबली आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "पप्पा, त्या दिवशी बाजीरावभाऊ लगेच का नाही बोलले?"

"कोन, बाजीराव? मीच सांगितलं हुतं त्याला. म्हनलं, माझी बायकू उपाशी आसल, पयला च्या करून घ्यायला लाव, तिला दोन घोट पिऊ दे, मंग सांग. न्हाईतर पडायची ती. त्यो तर जायलाच तयार न्हवता. लय रडत हुता. म्हनं मला न्हाई जमायचं." पप्पांनी किक मारली. "बस. ऊन वाढतंय."

ती मागे बसली. म्हणजे तो वेळ आईसाठी. आणि रडत होते म्हणजे स्वतःसाठीही. आणि कपात बघत होते ते... इतकी वर्षं मी त्या माणसाला... आणि डॉक्टरीणबाईंना जे दिलं ते उत्तर खरं की अर्धं? परत आत जावं, म्हणावं, बाई, दोन्ही असतं हो, वेगळं काढता येत नाही... पण परत बोलावणार नव्हतं कुणी. आत दुसरं कुणीतरी आता दुसरीच मांजर मारत असेल.

गाडी उतार उतरून बाजारात आली. चिक्कीच्या दुकानापुढे गाड्या तुंबल्या होत्या. दुकानदारीण पिशवीला गाठ मारत होती. एक बाप्या पोराला खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता. शिट्टी तोंडात धरून पोलीस नुसताच उभा होता. रेणुका एकेकाचा चेहरा बघत राहिली. यातल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा, कुठल्या तरी खोलीत, कुणीतरी समोर बसून काहीतरी सांगणार. कुणीतरी... ते मी असावं, असं तिला वाटलं, आणि ते इतकं कडकडून वाटलं, भूक लागावी तसं, की तिची तिलाच शरम वाटली. माणसांच्या वाईट बातम्यांची भूक लागते का कुणाला? चांगल्या माणसाला लागते? तिनं डोळे मिटून घेतले. भूक कमी झाली नाही. पप्पांनी मान न वळवता विचारलं, "काय गं, रडतीस का हसतीस?" आणि ती म्हणाली, "काय माहीत," आणि तिला खरंच माहीत नव्हतं.