नळी पिवळी झालीच नाही

बाबुलालने काचेच्या नळीत पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरून हलवली. पाणी पिवळं झालं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा हलवलं. पांढरं ते पांढरंच.

"असं कसं होऊन राहिलं बापा?" तो स्वतःशीच पुटपुटला.

अड्याळजवळच्या या गावाच्या टाकीत सव्वीस वर्षं तो ब्लिचिंग पावडर घोळून टाकत आला होता. त्याच्या लेखी ती पावडर नव्हतीच, दवा होती. नळी पिवळी झाली की गावाचं पोट ठीक; नाही झाली की उलट्या, जुलाब, सलाईनच्या बाटल्या. त्याच्या बापाला ज्या गावाने विहिरीला शिवू दिलं नव्हतं, ते अख्खं गाव आता याच्या हातचं पाणी पीत होतं. बाबुलालने हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण टाकीची शिडी चढताना त्याची छाती दोन इंच फुगायची, हे मात्र खरं.

मग तो डबा आला. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेतल्या सरिता मॅडमने तो टाकीखालच्या पाइपावर बसवला. तलावाच्या पाण्यात कुजका पालापाचोळा असतो, त्याला दवा भिडली की बारीक बारीक विषं तयार होतात, आणि डब्यातले धातूचे दाणे ती फोडतात, असं तिने समजावलं. दाण्यांचं नाव उत्प्रेरक. काम करतात, पण स्वतः संपत नाहीत. काम करून न झिजणारी वस्तू बाबुलालने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्याचे स्वतःचे गुडघेच बघा ना. तो त्या दाण्यांकडे बघत बसला आणि मॅडमचं पुढचं बोलणं हवेत गेलं.

म्हणून आता डब्यातून निघालेलं पाणी पिवळं होईना, तेव्हा त्याने आपल्या परीने अर्थ लावला. दवा कमी पडली. काल त्याने टाकीत दोन मग जास्त ओतले होते. आज चार ओतले.

थोड्याच वेळात मॅडम टाकीवर आली. टाकीतलं पाणी तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, दवा चौपट झाली हो. एवढं जहर या दाण्यायले आवरणार नाही."

"नळी पिवळी नोती होत, मॅडम."

"डबा दवाही काढून टाकते. डब्यापुढं बसवलं न ते छोटं यंत्र, ते जराशी दवा परत सोडते. नळाशी तपासा म्हटलं होतं न मी?"

म्हटलं असेल. बाबुलालने मान हलवली. मग बराच वेळ घुटमळून त्याने विचारलं, "एक सांगा मॅडम. सव्वीस वर्षं मी लोकायले दवा पाजली का जहर?"

तिने हातातली नळी खाली ठेवली. "दवा नसती त कितीतरी लेकरं गेली असती, काका. हे खरं आहे. अन् त्याच्यासंगं थोडं थोडं जहरही गेलं, हेही खरंच आहे."

"दोन्ही कसं खरं राहीन?"

 बाबुलालला भीती वाटली, रागही आला. कुणाचा, ते मात्र कळेना. गावात कोण कशाने गेलं ते तो आठवू लागला. कुणी तापाने, कुणी म्हातारपणाने, कुणी नुसतंच. काही मेळ बसेना.

खाली नळावर बायका जमल्या होत्या. सगळ्यांत पुढे कौशल्याबाई, पाटलांच्या घरची. रोजच्या सवयीने तिने विचारलं, "पानी बरोबर हाय न जी, बाबुलाल?"

रोज तो म्हणायचा, प्या बिनधास्त. आज तो शिडी उतरून खाली आला.

"आजचं पानी नोका भरू, बाई. टाकी धुवा लागते."

"काहून? का झालं?"

"माहीच चूक झाली. पुढचं मले समजून नाही राहिलं."

आता बायकांचं तोंड सुटेल म्हणून तो उभा राहिला. कुणीतरी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरंच वाटलं असतं.

कौशल्याबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमी म्हणता त नाही भरत," ती म्हणाली आणि मागे वळून बायकांना सांगितलं, "चला वो, बाबुलाल नाही म्हणते."

मॅडमला कुणी काहीच विचारलं नाही. रिकामे गुंड-घागरी काखेत मारून बायका एकेक करून हातपंपाकडे निघाल्या. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंदच होता, तरी बाबुलालने तो दोन्ही हातांनी आणखी आवळला.