मानाची मरळ

आमच्या घरी नवा जावई पहिल्यांदा जेवायला बसला की त्याच्या ताटात आमच्याच तळ्यातली मरळ पडते, आणि ती हातभर लागते. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, माझ्या मापानं. बरगी रोडवरच्या तळ्याकाठी चाळीस वर्षं मीच उभी राहून मासे मापले. मापाला उतरली ती टोपलीत, कमी भरली ती पाण्यात परत. लहानाला आम्ही हात लावत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण धर्म कळतो मला.

माझी नात अवंती माशांचंच शिकली. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी ती तळ्यावरून वीतभर मरळ घेऊन आली आणि ओट्यावर चिरून दाखवली. आत अंडी.

"आजी, पूर्वी एवढीशी अंड्यावर यायची?"

"पूर्वी एवढीला आम्ही पोर म्हणत होतो."

"तू मोठ्या मोठ्या वेचून काढल्या. सावकाश वाढणाऱ्या अंडी घालायच्या आधीच टोपलीत गेल्या. लहानपणीच अंड्यावर आल्या त्या वाचल्या. आता त्यांचीच पिलावळ उरली, अन् ती वाढतच नाही."

"म्हणजे मी केलं?"

"तूच."

घरात मला असं कोणी बोलत नाही. माझी सून मनीषा दारातच थिजली.

"एक जुनी मोठी मादी उरली आहे," अवंती म्हणाली. "तिला यंदा अंडी घालू दे. माझ्या साखरपुड्याला वरणभात वाढ, पण ती सोड. दुसरं काही मागत नाही मी."

"अच्छा. कुठं असते ती?"

पोरीला वाटलं, आजी विरघळली. तिनं सांगून टाकलं, पिंपळाच्या मुळांखाली.

दुसऱ्या दिवशी तिथंच जाळं टाकायला लावलं. मरळ हातावर धरली तर माझ्या बोटांच्या पुढं चार बोटं निघाली. बापू, आमचा जाळंवाला, हात जोडून म्हणाला, "अम्मा, यही आखिरी है. छोड़ दो."

"तळं तुझ्या बापाचं आहे का रे?"

कापायला अवंतीलाच बसवलं. मरळ अंड्यांनी गच्च भरली होती. पोरगी रडली नाही, तेवढं मला आवडलं. तिचा होणारा नवरा अपूर्व बोटं चाटत म्हणाला, "आजी, अशी मरळ कधी खाल्ली नव्हती."

"आता मिळणारही नाही," अवंती म्हणाली. तिनं घास घेतला नाही.

त्याला तीन वर्षं झाली. लग्नानंतर ती माहेरी आली नाही. यंदा धाकट्या नातीचा, यशश्रीचा नवरा जेवायला यायचा होता. बापूनं दिवसभर जाळं ओढलं. सगळ्या वीतभर, सगळ्यांच्या पोटात अंडी. शेवटी मीच अवंतीला फोन केला.

"काहून अशी रुसून राहिली? एवढं शिकलीस, काही उपाय सांग."

"तू मापत राहा, आजी," म्हणाली आणि फोन ठेवला.

पंगत बसली. यशश्रीचे सासरे भाऊराव ताटातल्या वीतभर मरळीकडे पाहून हसले. "आजी, तुमच्याकडची मानाची मरळ हातभर असते, असं ऐकून आलो होतो."



"कोणी सांगितलं?" मी म्हणाले. "आमच्या घरात ती वीतभरच असते. पहिल्यापासून. विचारा मनीषाला."

मनीषानं मान वर केली नाही. "हो आई," ती म्हणाली, "वीतभरच."