कासव की उडता मासा

लोसाने ते पत्र नऊ दिवस लपवून ठेवलं. प्रशांत महासागरातल्या फालेसारख्या एवढ्याशा बेटावर, जिथे एका घरात भांडं पडलं की शेजारून "फुटलं का गं?" अशी हाक येते, तिथे नऊ दिवस म्हणजे पराक्रमच.

पत्र एका परदेशी होड्या बनवणाऱ्या कंपनीचं होतं. त्यांना लोसाच्या वेबसाइटचं नाव विकत हवं होतं. नाव साधं: वाका, म्हणजे होडी, आणि शेवटी आपल्या टोकेलाऊ बेटांची दोन अक्षरं, 'टीके'. बदल्यात इंजिनासकट नवीकोरी बोट येईल एवढे पैसे. लोसाला ते विकायचं नव्हतं. रोज संध्याकाळी गावात मासळीची वाटणी झाली की आज कुठल्या घराला किती मासे मिळाले ते ती तिथे लिहायची. पोटापाण्यासाठी न्यूझीलंडला, वेलिंग्टनला गेलेली अर्धी जनता ते वाचून मगच जेवायला बसायची. पण गावाची बोट मोडकळीला आली होती, आणि पत्र दाखवलं की वडीलधारे काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी म्हाताऱ्या कापिएलीच्या वेलिंग्टनच्या भाच्याने फोनवर सगळं ओकून टाकलं. कंपनीने तिथल्या लोकांकडेही चौकशी केली होती. झालं. लोसाला सभेपुढे बोलावणं आलं.

सभेत सगळ्यात वरचढ कापिएली. पण त्याचा राग कुतूहलापुढे टिकला नाही.

"पोरी, दोन अक्षरांना एवढे पैसे? वेडे ते की आपण?"

"आजोबा, 'डॉट कॉम'सारख्या मोठमोठ्या शेपट्यांची चांगली नावं कधीच संपली. आता नवी साइट काढायची तर 'आमची खरीखुरी होडी नंबर दोन' असलं लांबलचक काहीतरी हाती लागतं. म्हणून लोक आपल्यासारख्या टीचभर देशांची अक्षरं हुडकत येतात. नाव छोटं राहतं, लक्षात राहतं."

"ज्यांना आपण नकाशात सापडत नाही, ते?"

"तेच."

सभा खदखदून हसली. कापिएलीने आणखी विचारलं, नाव कुजतं का? वापरून झिजतं का? लोसा म्हणाली, नाही, उलट वापरून मुरतं.

"मग तू दुसरं घे की."

"घेईन. पण तिकडच्या म्हाताऱ्यांच्या बोटांना हेच पाठ झालंय. त्यांना नवं कोण शिकवणार?"

तेव्हा औकुसो खाकरला. चाळीस वर्षं गावाची मासळी त्याच्या हातून वाटली जात होती. "ते राहू दे. हे कासव की उडता मासा, एवढं सांग."

गावाचा नियम सगळ्यांना पाठ होता. उडता मासा ज्याच्या जाळ्यात येईल त्याचा. कासव मात्र कोणीही धरो, ते गावाचं, आणि ते लपवणाऱ्याला माफी नाही; त्याच्या घराचा वाटा बंद.

"उडता मासा," लोसा पुटपुटली.

"असं? मग उडता मासा नऊ दिवस कोण लपवतं गं?"

चोराच्या मनात चांदणं. लोसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कासव," ती म्हणाली, आणि आपण नाव गमावलं हे तिला कळून चुकलं.

"सुटलो!" कापिएलीने मांडीवर थाप मारली. "गावाचं आहे, गाव विकेल."

"विकेल कसं?" मागून आवाज आला. बायकांच्या मंडळाची म्होरकी, विधवा आकेनेहे. "कासव आधी वाटतात. औकुसो, घरं पुकार."

नियम तो नियम. औकुसो उभा राहिला आणि पहिलं घर तिचंच पुकारलं. "आकेनेहे! तुझा वाटा काय?"

"माझा लेक दर शनिवारी फोन करतो. 'आई, गुरुवारी तुला दोन कुपा मासे मिळाले, एक कोणाला दिलास?' चार वर्षं असंच भांडतो माझ्याशी. मी माझा वाटा कधीच खाल्ला बाबा."

घरामागून घर पुकारलं गेलं. कोणाची नात, कोणाचा जावई, सगळ्यांचं तेच. मग औकुसो म्हणाला, "कापिएली!"

कापिएली उभा राहिला.

"माझा भाऊ," तो म्हणाला, "तिथल्या हॉस्पिटलात होता. शेवटी शेवटी त्याला दिसत नव्हतं. रोज नर्सला म्हणायचा, वाका उघड, आज आमच्या घरी काय आलं ते वाच."



"म्हणजे कासव चार वर्षांपूर्वीच कापून वाटलंय," औकुसो म्हणाला. "आता कोणाच्या टोपलीतून मांस परत मागू?"

कापिएलीने डोळे पुसले. "कंपनीला नाही म्हणून कळव. जुनी बोट ठोकूनठाकून चालवू. पण लपवलंस त्याचा दंड आहेच. आज तुझ्या घराला वाटा नाही."

त्या संध्याकाळी कुपा भरपूर आले. औकुसोने घरं पुकारली आणि लोसाचं घर ओलांडून तो पुढे गेला. तिने घरी येऊन यादी लिहायला घेतली. शेवटच्या ओळीशी बोट अडलं. मग तिने लिहून टाकलं: लोसाचं घर, काही नाही.

आकेनेहे नारळाच्या झावळीत गुंडाळलेला मासा घेऊन दारात उभी होती. "खा. आणि हे लिहू नकोस तिथे."

लोसाने मासा घेतला, तोवर वेलिंग्टनहून एकापाठोपाठ सतरा निरोप आले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: काय लपवलंस गं?