दीड महिन्याची केळी

“रोपं कवळी हायेत गं मास्तरीण. त्यात काकडी आताच नगं.”

मिराबाई जुलैत असं म्हणाल्या आणि मी हसले. मी मास्तरीण नाही. बी.एस्सी. झाले एवढंच, पण त्यांच्या तांड्यावर मला सगळे तेच म्हणतात. डोंगरकडा गावाला त्यांचं शेत आमच्या शेताला लागून आहे, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध.

“काहून नगं, मावशी? आमच्या केळीत लावली न्हवती का? काय झालं?”

“तुमची मोठी व्हती.”

“केळी ती केळीच, मावशी.”

त्यांची सून दिपा पदर तोंडाशी धरून हसली. सासूला कुणीतरी गप्प केलं याचाच तिला आनंद. सासऱ्यानं, बाबूसिंगनं, एक एकर तिच्या हवाली केलं होतं. “हा तुकडा तुझा. काय लावायचं, कसं लावायचं, तूच बघ.” घरात पहिल्यांदाच तिच्या शब्दावर काही पिकणार होतं. आमची लेकरं बरोबरीची, त्यामुळे ती मला सगळं विचारायची. केळीची टिश्यू कल्चरची रोपं आणली तीही मला विचारून. मधल्या जागेत काकडी टोकली तीही माझ्याच सांगण्यावरून.

काकडी छान आली. दोन बाजार तिनं स्वतः बसून विकली.

मग भाद्रपदात आठ दिवस ऊन पडलं नाही. एका सकाळी तिचा फोन आला.

“ताई, पानावर पिवळ्या रेघा येऊन राहिल्या. खत कमी पडलं का?”

मी लेकराला भरवत होते. म्हटलं, “पावसानं वाहून गेलं असंल गं. टाक थोडं.”

चौथ्या दिवशी शेतात गेले आणि धुऱ्यावरच थांबले. ओळीच्या ओळी पिवळ्या पट्ट्यांच्या. पानं आखडलेली, चिंध्या झाल्यासारखी. मी एका रोपाचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, धरून जरासा ओढला. तो अख्खा हातात आला. खालून काळा, सडका. वास आला. मी दुसऱ्याचा ओढला, तिसऱ्याचा ओढला. माझे हात थांबेचनात.

कृषी सहायक आले. त्यांनी काकडीचं पान उलटून दाखवलं. मागे मावा, हिरवट बारीक किडे, चिकटलेला.

“हा काकडीवरून विषाणू नेतो आणि केळीत सोडतो. औषध नाही याला. उपटा, लांब नेऊन गाडा.”

“पण सर, आमची?” मी मागे बोट दाखवलं. धुऱ्यापलीकडे आमची केळी हिरवीगार, घडाला आलेली. तीच हवा, तोच मावा.

“तुमच्यात काकडी लावली तेव्हा केळी केवढी होती?”

मी आठवू लागले. बाळंतपणाला माहेरी होते, तिकडून आल्यावर लावली होती. “चार महिन्यांची.”

“आणि हिची?”

“नर्सरीतून आली ती दीड महिन्याची,” दिपा म्हणाली. “त्याच हप्त्यात काकडी लावली.”

“तेच तर. कोवळ्या रोपाला हा रोग लागला की ते उभं राहत नाही. घड तर सोडाच. थोराड झाड बहुतेक निभावून नेतं.”

आमची केळी माझ्या हुशारीनं वाचली नव्हती. मला यायला उशीर झाला म्हणून वाचली होती.

दिपानं माझ्याकडे बघितलं. “ताई, तुमाला हे म्हायती व्हतं का?”

“नाही गं.”

“मंग सांगितलं काहून?”

अकराशे रोपं उपटली त्यांनी. मी मदतीला गेले तर मिराबाईंनी माझ्या हातातलं विळा-खुरपं काढून घेतलं. “ऱ्हाऊ द्या, मास्तरीण.” मला तेवढंच. सुनेला मात्र रोज ऐकवायच्या, “जा, इचारून ये तुझ्या शिकेल बाईला, भाजीत मीठ किती टाकू.”

दसऱ्यानंतर दिपा लेकरू घेऊन माहेरी गेली. शिरड शहापूरच्या पुढचा तांडा. तिच्या नवऱ्यानं, प्रेमदासनं, मला धुऱ्यावरून सांगितलं. “आईबाप हायेत की तिथं.”

काल बाजारात तिच्या माहेरची सोजराबाई भेटली. दिपाचे आईबाप आठ दिवसांपूर्वीच टोळीबरोबर ऊसतोडीला गेले म्हणे. निम्म्या तांड्याला कुलपं. म्हणजे दिपा लेकरू घेऊन त्या घरात एकटीच. “पोरगी दिसली व्हती एकदा,” ती म्हणाली, “कोणाशी बोलून ऱ्हायली नव्हती.”

मी तिथूनच प्रेमदासला फोन लावला. तो मळणीवर होता. यंत्राच्या आवाजात ओरडला, “रागात हाये, ताई! येईल आपसूक!”

दिपाचा फोन बंद आहे. काल रात्रीपासून अकरा वेळा लावला. माझे यजमान नांदेडहून शनिवारी येतील, तेव्हा गाडी. आज मंगळवार. आणि मी गेले तरी मला बघून ती दार उघडेल का, याची खात्री नाही.

तुम्ही शिरड शहापूरच्या बाजूचे असाल, नाहीतर तुमचं कुणी तिकडे असेल, तर आजच जाऊन या. दिपा प्रेमदास, वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. माझं नाव सांगू नका. पाणी मागा, काहीही मागा, पण ती तुमच्याशी बोलेपर्यंत तिथून हलू नका.